डिस्चार्जनंतरच्या उपचारांचंही बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात माग चालवतो. गेल्या वर्षी टायफॉइड अंगावर काढला, आतड्याला भोक पडलं आणि रातोरात ऑपरेशन करावं लागलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे एक रुपयाही लागला नाही. त्या योजनेचे उपकार मी विसरणार नाही.

पण खरे हाल घरी आल्यावर सुरू झाले. माझ्या लहान आतड्याचा शेवटचा तुकडा काढलाय. पित्त आणि बी-१२ तिथेच शोषलं जातं, त्यामुळे जुलाब चालू राहतील आणि बी-१२ची इंजेक्शनं घ्यावी लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. योजनेतून औषधं मिळाली दहा दिवसांची. काही ठराविक ऑपरेशनांच्या पुढच्या तपासण्या योजनेत आहेत, पण माझं ऑपरेशन त्यात नाही, असं दवाखान्यातले योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, म्हणाले. आमच्या कारखान्यात दहा माणसंही नाहीत, म्हणून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, नाही. खासगी विम्याचा हप्ता आमच्या आवाक्यात नाही.

आमची मजुरी नगावर. दिवसातून सात-आठ वेळा माग बंद करून धावायचं म्हणजे तेवढे टॉवेल कमी. सकाळच्या ओपीडीला गेलं की पाळीच बुडते. म्हणून मी दोन इंजेक्शनं चुकवली. बोटांना मुंग्या येऊन तुटलेला धागा जोडता येईना, तेव्हा गेलो.

खाण्याचंही तेच. जन्मभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्लेल्या माणसाच्या हातात ओट्स आणि सूप लिहिलेला कागद दिला. शेवटी बायकोनेच बसवलं: मऊ भात, मुगाचं वरण, पातळ ताक, थोडं थोडं पाच वेळा. जुलाब वाढले की लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, साठवलेलंच प्यावं लागतं. ते रोज उकळायचं, तर सिलिंडर महिनाभर पुरत नाही.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक संध्याकाळ ऑपरेशन झालेल्यांसाठी ठेवा. बी-१२चं इंजेक्शन तिथे द्या. आमच्या घरात शिजतं त्यातलं काय खायचं, ते मराठीत आणि तेलुगूत लिहून द्या. आणि ऑपरेशनला पैसे देणाऱ्या योजनेत पुढच्या सहा महिन्यांच्या गोळ्याही धरा.

– एक यंत्रमाग कामगार, सोलापूर