स्टोअरकीपरकडून सॉफ्टवेअरवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे मालाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवायचं काम आटोपून तुम्ही पुढच्या कारखान्यात गेलात. निघताना मी आभार मानले, पण ते घाईत, गेटवर उभ्याउभ्या. आज नीट बसून आणि सगळ्यांसमोर लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्यासारखे स्टोअरकीपर खूप आहेत. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांच्याही कानावर जावं असं मनापासून वाटतं.

टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्याला मार्च महिना नकोसा असतो. सूत, रंग, केमिकल, तयार माल, लेबलं, पुठ्ठ्याचे बॉक्स, सगळं 31 मार्चला एकदम मोजायचं. मोजून घट निघते. ती जूनमध्ये पडली की फेब्रुवारीत, कोणालाच सांगता येत नाही. कारण सापडलं नाही की नजर माणसांकडे वळते. तोंडावर कोणी काही म्हणत नाही, पण हमालांचे डबे गेटवर उघडून बघायला सुरुवात होते. वर्षानुवर्षं इमानाने काम केलेल्या माणसाला ते किती लागतं, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून पहिल्याच बैठकीत तुम्ही मालकांना स्पष्ट सांगितलंत, की वर्षातून एकदा मोजलं तर घटीचा आकडा मिळेल, कारण मिळणार नाही, तेव्हाच मला तुमच्याबद्दल विश्वास वाटला.

मग सायकल काउंट, म्हणजे वर्षभर ठरावीक दिवसांनी थोडाथोडा माल मोजायची पद्धत, लावायला बसलो. मला वाटलं होतं, प्रत्येक मालापुढे तो किती दिवसांनी मोजायचा ते टाकलं की झालं. तुम्ही दाखवलंत की ओडूमध्ये, म्हणजे तुम्ही बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, ही मुदत मालाला नसते, जागेला असते. जागेच्या पानावर दिवसांचा आकडा टाकायचा, मग त्या जागेत ठेवलेल्या सगळ्याच मालाची मोजणीची तारीख त्याप्रमाणे पडते. म्हणजे रंगीत सूत आणि लेबलांचे गठ्ठे एका रॅकवर असले, तर लेबलंही दर महिन्याला मोजत बसायची. यावर इलाज संगणकात नव्हता, गोडाऊनमध्ये होता. तुम्ही ओढणी खोचून आमच्याबरोबर रॅक लावायला उभ्या राहिलात. ज्या थोड्या मालात जास्त पैसा अडकलेला असतो, ते रंगीत सूत, महागडे रंग आणि पॅक झालेला एक्स्पोर्टचा माल, हे सगळं वेगळ्या जागांत आलं आणि त्या जागांना 30 दिवसांची मुदत टाकली. कोरं सूत आणि केमिकलला 90. लेबलं, बॉक्स, शिलाईचा दोरा यांना 180. वर्षाच्या मोजणीची तारीख सॉफ्टवेअरने आपणहून 31 डिसेंबर धरली होती, ती तुम्ही आठवणीने 31 मार्च केलीत. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते आणि संक्रांतीच्या त्या दिवसांत निम्मे कामगार जागेवर नसतात. आमच्या सांगण्यावरून त्या आठवड्यातल्या मोजण्या तुम्ही आधी उरकायला लावल्यात.

रॅकची नावं तर मी विसरणारच नाही. इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचे कोड तुम्ही काढून टाकलेत आणि आम्ही तोंडाने म्हणतो तीच नावं टाकलीत: जिन्याखालचा रॅक, डाईंगच्या भिंतीचा रॅक, पत्र्याची खोली. आमचे हमाल आपसात तेलुगू बोलतात, काही जण कन्नड. पण ही नावं सगळ्यांच्या तोंडात आहेत. आता मोजणीचा कागद कोणाच्याही हातात दिला तरी तो बरोबर जागी जाऊन उभा राहतो. त्या कागदावर सिस्टीममधला आकडा छापायचा नाही, हा तुमचा आग्रह सुरुवातीला मालकांना पटला नव्हता. पण समोर 240 डझन लिहिलेलं दिसलं की मोजणाऱ्याचंही 240 वरच येऊन थांबतं. कोरा कागद असला की माणूस खरंच मोजतो.

सुताबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आमच्या धंद्याची खरी मेख तिथेच आहे. कापसाच्या सुताचा ओलावा कोरड्या वजनावर साधारण 8.5 टक्के धरतात. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तो तेवढा टिकत नाही. ओलावा 6.5 टक्क्यांवर उतरला, तर 50 किलोच्या पोत्यात 900 ग्रॅमहून जास्त वजन कमी भरतं, आणि पोत्याला कोणी हातही लावलेला नसतो. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसण्यावारी नेलं नाहीत. वही काढून लिहून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी मोजणीच्या कागदात एक रकाना वाढवलात: वजनाबरोबर कोन, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या गुंड्यासुद्धा मोजायच्या. कोन बरोबर आणि वजन कमी, तर कारण कोरडी हवा. कोनच कमी, तर त्याच महिन्याच्या चलनांत, म्हणजे माल आल्या-गेल्याच्या पावत्यांत, शोधायचं. एवढ्या साध्या रकान्याने किती माणसांच्या मागचा संशय गेला, ते तुम्हाला इथून गेल्यावर कळलं नसेल, म्हणून मुद्दाम कळवतोय.

मोजणी सकाळी, पहिली गाडी भरायच्या आत करायची, हा तुमचा नियमही चालू आहे. आकडा टाकल्यावर तो लागू करायच्या आधी माल हलला, तर सॉफ्टवेअर अडवतं आणि विचारतं की मोजलेला आकडा ठेवू की निघालेला फरक ठेवू. तिथे घाईने बोट दाबू नका, आधी चलन बघा, असं तुम्ही मला पुन्हा पुन्हा बजावलंत. घट लागू करण्याआधी सीए साहेबांना दाखवायची, हेही तुमच्यामुळेच सुरू झालं. हरवलेल्या किंवा खात्यातून काढून टाकलेल्या मालावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. कायद्याच्या कलम 17(5) मध्ये तसं लिहिलंय. ही गोष्ट स्टोअरवाल्यालाही माहीत हवी, असं मानणाऱ्या मला भेटलेल्या तुम्ही पहिल्याच.

परवा तयार मालाच्या मोजणीत फरक आला. पॅकिंगमधून एक नोंद डझनऐवजी नगात पडली होती. त्याच दिवशी सापडली, दुरुस्त झाली, आणि चहाच्या सुट्टीत सगळे नेहमीसारखे एकत्र बसले. पूर्वी हाच फरक मार्चपर्यंत तसाच दडून राहिला असता आणि मग कोणाकडे तरी बोट गेलं असतं. गेटवर डबे उघडणं बंद झालंय, ताई. हमालांतल्या सगळ्यात जुन्या काकांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

मालकांनी आता चादरीच्या गोडाऊनलाही हेच लावायचं ठरवलंय. रॅक आम्हीच लावून ठेवतो, नावंही ठरवतो. मुदतीचे आकडे टाकायच्या आधी एकदा येऊन नजर टाका. तुमच्या कष्टांबद्दल आणि आमचं ऐकून घेतलंत त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचा,
स्टोअरकीपर, सोलापूर