बंदीच्या काळात क्रँकचं ऑइल सील बदला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१ जूनला मासेमारी बंदी लागली की बोटी वर घेतल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, लाकडाला रंग लागतो. इंजिनाचं मात्र ऑइल बदललं की वर ताडपत्री पडते. क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि तो बाहेर येतो तिथे तेल अडवणारी रबरी कडी म्हणजे ऑइल सील. ती झिजून फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) घराखाली तेल ठिबकत असेल तर ‘थेंबभरच आहे’ म्हणून ते तसंच राहतं. दर दोन सेकंदांना एक थेंब पडला तरी तासाला सुमारे ९० मिलिलिटर तेल जातं, म्हणजे दहा तासांच्या फेरीत जवळपास एक लिटर. ते बोटीच्या तळातल्या पाण्यात मिसळतं आणि पंप चालू केला की थेट खाडीत जातं. ज्या खाडीतून आपण कालवं आणि तिसऱ्या काढून खातो, तीच ही खाडी. ३१ जुलैपर्यंत बोट किनाऱ्यावर आहे, तेव्हाच हे काम निवांत होतं.

आधी गळती कुठून आहे ते ठरवावं. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा ऑइल प्रेशरच्या स्विचमधून निघालेलं तेलही ओघळत मागे येतं आणि सीलवर आळ येतो. इंजिन डिझेलने धुऊन कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि पंधरा-वीस मिनिटं चालवा. ओली रेघ वरून येते की फ्लायव्हीलच्या घरातून, ते लगेच दिसतं. घराच्या तळाच्या भोकातून येणारं तेल काळं असेल तर क्रँकचं मागचं सील गेलं. ते स्वच्छ, सोनेरी असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं सील पाहावं.

त्यानंतर ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी वाट. नवं सील महिन्याभरात पुन्हा गळू लागलं की दोष सीलच्या कंपनीला दिला जातो, पण चोंदलेला ब्रीदर कोणी उघडून पाहत नाही. क्रँककेसमधल्या (क्रँकच्या पेटीतल्या) हवेला वाट मिळाली नाही की दाब वाढतो आणि तेल सीलच्या कडेतून बाहेर पडतं. ब्रीदरची नळी आणि जाळी डिझेलने साफ करा. तरीही इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या तोंडातून जोराचा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. अशा इंजिनात सीलवर पैसे घालू नयेत, आधी रिंगांचं काम करावं.

मागच्या सीलसाठी पंख्याच्या शाफ्टचं कपलिंग (गिअरबॉक्सशी जोडणारा सांधा), गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील काढावं लागतं. कपलिंगवर आणि फ्लायव्हीलवर आधी खुणा करा. फ्लायव्हील जड असतं, म्हणून समोरासमोरच्या दोन भोकांत लांब स्टड घालून ते त्यावरून सरकवत काढा. जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. टोक क्रँकला लागून ओरखडा पडला की तिथून कायमचं तेल येतं. सीलच्या पत्र्याला दोन बारीक भोकं पाडा, त्यात पत्र्याचे स्क्रू फिरवा आणि पक्कडीने दोन्ही बाजूंनी सारखं ओढा. ड्रिल आत जाऊ देऊ नका.

आता क्रँकवर सील बसतं त्या पट्ट्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे. खाच हलकी असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे बसवून नवी जागा मिळते, सीलच्या घरात तेवढी जागा असेल तर. खोल असेल तर पातळ स्टेनलेस स्लीव्ह चढवावी. पॉलिश पेपर नेहमी फिरण्याच्या दिशेने, गोल मारावा. आडवे ओरखडे तेलाला वाट करून देतात. क्रँक वर-खाली हलत असेल तर मेन बेअरिंग गेलं आहे, तिथे कोणतंही सील टिकणार नाही.

नवं सील जुन्यावर छापलेल्या मापाचंच घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. साधं नायट्राइल रबर साधारण १०० अंश सेल्सिअसपुढे कडक होतं, त्यामुळे पैसे थोडे जास्त गेले तरी जास्त उष्णता सोसणारं व्हिटॉन रबर घ्यावं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. रबराच्या कडेला इंजिन ऑइल लावून, सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा किंवा लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी सारखं ठोकत आत न्या. टेफ्लॉनचं सील असेल तर ते कोरडंच बसवायचं असतं. क्रँकच्या पुढच्या टोकाच्या सीलसाठी पुलीच्या चावीच्या खाचेवर पातळ प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर बसवतानाच कड कापली जाते. फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क पान्याने, समोरासमोर, कंपनीच्या आकड्याला कसा.

कपलिंगची लाइन जमिनीवर जुळवून समाधान मानू नका. बोट पाण्यात गेली की तिचा आकार थोडा बदलतो, म्हणून उतरवल्यावर एक दिवस थांबून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पुन्हा पाहा. कपलिंगच्या १०० मिलिमीटर व्यासाला दोन तोंडांमध्ये ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. आणि बंदीच्या काळात आठवड्यातून एकदा इंजिन हाताने फिरवा. खाऱ्या दमट हवेत उभ्या क्रँकवर सीलच्या कडेलगत गंज चढतो आणि पहिल्याच फेरीत तो गंज नव्या सीलची कड खातो.

तळातल्या तेलकट पाण्यात कपड्याची पावडर टाकून पंप मारण्याची सवयही थांबली पाहिजे. तवंग दिसेनासा होतो एवढंच, तेल पाण्यात विरघळल्यासारखं होऊन खाली जातं. जळकं ऑइल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच द्यावं असा २०१६ चा धोकादायक कचरा नियम आहे, पण बंदरावर ते ओतायला जागाच नसेल तर मच्छीमाराने ते न्यायचं कुठे? मत्स्यव्यवसाय विभागाने आणि मच्छीमार सोसायट्यांनी प्रत्येक बंदरात डिझेल पंपाशेजारी झाकणाचे ड्रम ठेवावेत, ते उचलायची तारीख फळ्यावर लिहावी आणि हे काम येत्या १ ऑगस्टच्या आत करावं.

आपले,
बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करणारे काही मेस्त्री, रत्नागिरी