काका, तुम्ही यादीवर मारलेली ती काट

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुमचे आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चार लोकांना वाचता येईल असं लिहितेय.

चैत्रात मी तुमच्या दारात आले, तेव्हा माझ्या हातात रेकॉर्डिंगसाठीच्या कॉम्प्युटरचं एका दुकानातलं कोटेशन होतं. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा नुसत्या ग्राफिक्स कार्डाचा. तुम्ही तो कागद उलटा ठेवलात आणि विचारलंत, "रेकॉर्ड कोणाला करायचंय?" आईला, मी म्हटलं. तिच्या जात्यावरच्या ओव्या. "वय?" एक्क्याऐंशी. "आवाज?" बारीक झालाय आता.

मग तुम्ही कागद सुलटा केलात आणि पेन्सिलीने ग्राफिक्स कार्डावर आडवी काट मारलीत. "आवाज बारीक, म्हणजे माइकचा गेन, त्याची आवाज टिपायची ताकद, वाढवणार. गेन वाढला की कॅबिनेटचा पंखाही ओवी म्हणायला लागणार. पैसे शांततेवर घाल." त्या एका वाक्यावर आमचा सगळा कॉम्प्युटर उभा आहे.

वाचलेल्या पैशांत प्रोसेसर थंड ठेवणारा मोठा टॉवर कूलर आला आणि १४० मिलिमीटरचे पंखे आले. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रोसेसर इंटेलचा घेताना नावाच्या शेवटी 'एफ' नाही ना, हे तुम्ही दोनदा तपासलंत. 'एफ'वाल्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड काढून टाकल्यावर पडद्यावर चित्रच आलं नसतं. रॅम मी ३२ जीबी म्हणत होते. "दोन माइक आणि एक तानपुरा, त्याला १६ पुष्कळ," असं म्हणून तुम्ही ८-८ च्या दोन पट्ट्या लावल्यात आणि पुढे लागल्या तर म्हणून दोन खाचा मोकळ्या ठेवल्यात. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल), २४ बिटला एका माइकचं तासभराचं रेकॉर्डिंग साधारण ५२० एमबी होतं, हा हिशेबही तुम्हीच करून दाखवलात, म्हणून १ टीबीच्या एसएसडीवर, म्हणजे आवाज न करणाऱ्या डिस्कवर, भागलं. खरखरणारी हार्ड डिस्क कॅबिनेटबाहेर राहिली, फक्त बॅकअपला.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते तुम्ही बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी कॉम्प्युटर जमवून ठेवतो तो साठा, समजावलात ते. जुन्या लॅपटॉपवर हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून यायचा आणि आई बिचकून थांबायची. मला वाटायचं, तिला जमत नाहीये. तिला तसं बोलूनही दाखवलं होतं, ते आजही टोचतं. तुम्ही म्हणालात, १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे जाताना २१ मिलिसेकंद, येताना २१. दोन्ही मिळून तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेचौदा मीटर जातो. "तबलजीला अंगणापलीकडे बसवून तू इथे गाशील का?" बफर १२८ वर आणला की तेच अंतर सहा फुटांवर येतं, बैठकीतल्यासारखं. आणि एवढ्या लहान बफरवर आवाज तुटू नये, म्हणून प्रोसेसरचा एकेक कोर (आतला काम करणारा भाग) दमदार हवा, नुसती कोरची संख्या वाढवून उपयोग नाही. रेकॉर्डिंग करताना वायफाय बंद ठेवायचं, हेही तेव्हाच शिकले. मधूनमधून येणारी टकटक त्याच्या ड्रायव्हरमुळेच, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळेच होती.

एवढं करूनही पहिल्या दिवशी बारीक गुणगुण आली. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही यंत्राला हातही लावला नाहीत. आमच्या नारायण पेठेतल्या जुन्या घराच्या भिंतीतला प्लग उघडलात, तर तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. वायरमनला बोलावून अर्थिंग घेईपर्यंत तुम्ही जिन्यात बसून राहिलात. तापकीर गल्लीतून आणलेला नवा बोर्ड लावला आणि ती ५० हर्ट्झची गुणगुण गेली. त्या दुपारी तुमचं जेवण राहिलं, हे मला काकूंकडून नंतर कळलं.

आतापर्यंत एकेचाळीस ओव्या झाल्या आहेत. आई आता हेडफोन लावून स्वतःच विचारते, "झालं का सुरू?" कॅबिनेट तिच्यापासून चार फुटांवर असतं आणि चालू आहे की नाही ते दिव्याकडे बघूनच कळतं.

सोबत पेनड्राइव्ह पाठवतेय. सातवी ओवी हेडफोन लावून ऐका. शेवटच्या ओळीला आई थांबते, हात मांडीवर ठेवते आणि तिच्या दोन काचेच्या बांगड्या एकमेकींवर अलगद टेकतात. तेवढं ऐकाच.

आपली,
ओव्यांवाल्या आजींची लेक