लाल फुली आणि स्पीकर

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

लॅपटॉप मुका झाल्यापासून बाबांचे सकाळचे केसरबाईंचे गाणे बंद पडले आहे आणि पावसाळी ओलीने स्पीकर गेले असून ते दोन्ही बदलावे लागतील, असे दुरुस्तीवाल्याने सांगितले आहे, हे काल फोनवर समजले. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की आपल्या कोल्हापुरात पापडांपासून पेटीच्या भात्यापर्यंत सगळेच सर्दावते, हे मान्य. तरीही लॅपटॉप इतक्यात कोणाला उघडू देऊ नका.

बाबा, तुम्ही बोलता बोलता सांगितलेत की, पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुली दिसते आणि ‘नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड’ असे लिहून येते. मला तेवढ्यावरूनच शंका आली. लॅपटॉपचे स्पीकर आतल्या ध्वनीच्या चिपला दोन तारांनी जोडलेले असतात. त्यांचा पडदा फाटला तरी विंडोजला साधारणपणे त्याचा पत्ताही लागत नाही, ते आपले आवाज पाठवीत राहते, फक्त ऐकू काही येत नाही. लाल फुलीचा अर्थ वेगळा आहे: विंडोजला ती चिपच सापडत नाही. विंडोज आणि चिप यांच्यात दुभाष्याचे काम करणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम बिघडला किंवा नाहीसा झाला की असे होते. यात दोष बहुधा माझाच आहे. मागच्या महिन्यात घरी आले असताना अपडेट अर्धवट असतानाच मी घाईने बटण दाबून लॅपटॉप बंद केला होता.

फोनवर सांगताना आपला नेहमी गोंधळ उडतो, म्हणून लिहून पाठवीत आहे. आधी स्टार्टमधून ‘रिस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करू नका, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज ड्रायव्हरची आहे ती स्थिती जपून ठेवते आणि पुन्हा सुरू होताना तीच उचलते. रिस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते. फुली गेली, तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

फुली तशीच राहिली, तर स्टार्टच्या बटणावर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि त्यातील ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या ओळीखाली पाहा. तेथे रिअलटेक (ध्वनीची चिप बनवणारी कंपनी) या नावावर पिवळा त्रिकोण असेल, किंवा ते नावच नसेल आणि ‘अदर डिव्हाइसेस’खाली ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ असे काही दिसेल. त्यावर दोनदा क्लिक केल्यावर उघडणाऱ्या चौकटीतील कोड क्रमांक कागदावर लिहून ठेवा: 28 म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, 39 म्हणजे तो खराब झाला आहे किंवा फाइल सापडत नाही.

काही काढून टाकण्याआधी नवा ड्रायव्हर हाताशी हवा. लॅपटॉप उलटा केल्यावर तळाच्या स्टिकरवर अनुक्रमांक दिसेल. तो लॅपटॉपच्या कंपनीच्याच संकेतस्थळावर टाकून, विंडोज 11 निवडून, ऑडिओचा ड्रायव्हर उतरवून घ्या. आई, येथे बाबांच्या शेजारी तू बस. शोधताना ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर दुरुस्त करा’ असे सांगणारी मोठी हिरवी बटणे समोर येतील, आणि मोठे बटण दिसले की बाबांचा हात आवरत नाही. असले प्रोग्रॅम पैसे मागतात, कधी भलतेच ड्रायव्हर बसवतात. त्यांच्या वाटेला मुळीच जाऊ नका.

त्यानंतर त्या बिघडलेल्या नावावर उजवे बटण दाबून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा. ड्रायव्हरही काढायचा का, असे विचारणारी छोटी चौकट दिसल्यास तिच्यात खूण करा. नाहीतर विंडोज तीच खराब फाइल पुन्हा उचलण्याची शक्यता असते. मग उतरवलेली फाइल चालवा आणि पुन्हा एकदा रिस्टार्ट करा. या वेळी पडदा काळा पडला तरी बटणाला हात लावू नका आणि चार्जरही काढू नका. मी केलेली चूक घरात दुसऱ्यांदा नको. मधल्या काळात विंडोजने स्वतःहून ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असे काही बसवले, तर घाबरू नका. तो कामचलाऊ ड्रायव्हर आहे. आवाज येईल, कदाचित थोडा पातळ वाटेल.

हे जमेपर्यंत आईचे ब्लूटूथ इअरफोन जोडून गाणे ऐकता येईल, कारण त्यांचा ड्रायव्हर निराळा असतो. आईला मात्र ते परत द्यावे लागतील.

फुली गेली, आवाजाची पट्टी वर आहे, तरीही स्पीकर गप्पच राहिले, तर तारेचा इअरफोन लावून पाहा. त्यात गाणे ऐकू आले आणि स्पीकरमधून आले नाही, तर दुरुस्तीवाल्याचे म्हणणे बहुधा खरे. मग मात्र लॅपटॉप खुशाल त्याच्याकडे द्या.

तुमची
धाकटी