मधमाश्यांची पेटी म्हणजे खताची गोणी नव्हे

संपादक महोदय,

‘माश्यांनाही भावना असतात’ हा सध्या फिरणारा मजकूर हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निदान आंबे बहरासाठी (डाळिंबाच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी) मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणणाऱ्या सांगोला-मंगळवेढ्याच्या डाळिंब बागायतदारांनी तरी नाही.

मूळ प्रयोग बंबलबी या जाड, केसाळ मधमाशीवरचा, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातला, २०१६ चा. एका रंगापाशी साखरपाणी आणि दुसऱ्यापाशी नुसते पाणी, हे माश्यांना आधी शिकवले. मग दोन्हींच्या मधला रंग दाखवला. त्याआधी ६० टक्के साखरेचा एक थेंब अवचित मिळालेल्या माश्या त्या रंगाकडे लवकर झेपावल्या. डोपामाइन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन रोखणारे औषध दिल्यावर हा फरक नाहीसा झाला. संशोधक याला ‘भावनासदृश अवस्था’ म्हणतात. बातमीत त्याचा ‘आनंद’ झाला, ते जरा जास्तच.

बंबलबी सोलापूरच्या रानात नाही. भाड्याच्या पेटीत सातेरी (देशी मधमाशी) किंवा मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) असते. पण मेलिफेरावरही न्यूकॅसलमध्ये २०११ साली असा प्रयोग झाला. माश्या मिनिटभर जोरात हलवल्या, तर संदिग्ध वासाला त्या सोंड पुढे करीनाशा झाल्या आणि त्यांच्या शरीरद्रवातले डोपामाइन आणि सेरोटोनिन हे दुसरे तसेच रसायन घटले. आपल्याकडे पेट्या टेम्पोतून रात्रभर आदळत येतात. म्हणून मधाने जड झालेल्या पोळ्यांच्या चौकटी आधी काढाव्यात, उरलेल्या घट्ट बसवाव्यात आणि पेटी अशी ठेवावी की चौकटी वाहनाच्या लांबीला समांतर राहतील. आडव्या असल्या की ब्रेकसरशी एकमेकींवर झुलतात आणि मधल्या माश्या चिरडतात. फुले ५ ते १० टक्के उमलल्यावरच पेटी बागेत आणावी; आधी आणली तर माश्या बांधावरच्या दुसऱ्या फुलांना लागतात.

शिकण्याची गोष्ट याहून महत्त्वाची. २०२४ मध्ये बंबलबींपुढे एक कोडे ठेवले: आधी निळी पट्टी सारायची, मग लाल, तेव्हा कुठे साखरपाणी. एकट्या माशीला ते सुटले नाही. शिकवलेल्या माशीबरोबर वावरून काहींना सुटले. मेलिफेरा नाचून इतर माश्यांना फुलांची दिशा आणि अंतर सांगते; त्या नाचाबद्दल २०२३ मध्ये असेच दिसले. अनुभवी माश्यांचा नाच न पाहिलेल्या तरुण माश्यांच्या नाचात दिशा आणि अंतर दोन्ही चुकत होते. दिशा पुढे सुधारली, अंतराची चूक आयुष्यभर राहिली.

आता फुलकिड्यांसाठी (फुलांचा रस शोषणाऱ्या बारीक किडींसाठी) सकाळी दहाला झालेली फवारणी घ्या. मरतात त्या बाहेर पडलेल्या, म्हणजे वसाहतीतल्या सर्वांत जाणत्या माश्या. पेटी उघडली तर आत माश्या दिसतात, म्हणून नुकसान थोडक्यात निभावले असे वाटते. पण उरलेल्यांना बाग दाखवणारे कोण? असा प्रयोग डाळिंबाच्या बागेत झालेला नाही; जाणत्या माश्या गेल्या की बाग दाखवणारे उरत नाही, हा आमचा अंदाज आहे; तरी जपायला तेवढे पुरेसे आहे.

फवारणी सूर्यास्तानंतर करा. निओनिकोटिनॉइड गटातली आंतरप्रवाही (झाडात शोषली जाणारी) कीटकनाशके मात्र परागात उतरतात, तिथे वेळ बदलून भागत नाही. फुलोऱ्यात ती टाळलेलीच बरी. शेजाऱ्याची फवारणी असेल तर आदल्या रात्री पेट्या तीन-चार किलोमीटर लांब हलवा. नुसते दार बंद करून दिवसभर उन्हात ठेवू नका: आतली हवा तापते, मेण मऊ पडते आणि पोळी खाली बसतात. बंद ठेवावीच लागली तर दाराला जाळी, वर ओले गोणपाट आणि सावली हवी.

— सोलापूर परिसरातील काही मधपाळ