वेगवान सर्व्हिस आमच्या मुलींना आधी दिसायला हवी

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी कोकणातल्या एका तालुक्यात क्रीडाशिक्षक आहे. शाळेच्या मुलींचा व्हॉलीबॉल संघ घेऊन दरवर्षी शालेय स्पर्धांना जातो. खेळाडूंच्या प्रशिक्षणात व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आपण जणू त्या जागीच आहोत असं दृश्य दाखवणारं तंत्र, आणायला हवं असं आता सगळीकडे ऐकू येतं, आणि माझंही तेच ठाम मत आहे. पण ते कुठे आणि कशासाठी आणायचं, हे खरेदीची निविदा निघण्याआधी ठरलं पाहिजे. म्हणून हे पत्र.

तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून विभागाला जाणारा आमच्यासारखा संघ नेमका कुठे अडतो, ते सांगतो. मुलींच्या पायांत चपळाई असते, अंडरहँड पास घोटून घेतलेला असतो, दमही असतो. विभागीय स्पर्धेत समोरून उडी मारून केलेली कडक जंप सर्व्हिस येते आणि पहिले काही गुण बघता बघता जातात. त्यांनी तशी सर्व्हिस कधी पाहिलेलीच नसते. वर्षभराचा सराव आपल्याच संघातल्या मैत्रिणींशी चालतो, आणि कोण कुठे टाकणार हे सगळ्यांना पाठ असतं. फार तर शेजारच्या गावच्या संघाशी एखादा सामना. मोठ्या शहरातल्या क्लबात खेळणाऱ्या मुलीला वेगवेगळ्या उंचीच्या आणि वेगवेगळ्या हाताच्या खेळाडू दर आठवड्याला समोर मिळतात. आमच्याकडे प्रतिस्पर्धीच कमी आहेत, आणि ते काही शासन निर्णय काढून वाढवता येत नाहीत.

थोडा हिशेब मांडतो. कोर्ट १८ मीटर लांब. सर्व्हिस मागच्या रेषेमागून निघते आणि ती उचलणारी खेळाडू नेटपासून सहा-सात मीटर मागे असते. म्हणजे चेंडूला पंधरा-सोळा मीटर कापायचे असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या सर्व्हिसला जेमतेम एक सेकंद लागतो, ११० च्या वेगाला अर्धा. स्मॅशला तर त्याहूनही कमी. डोळ्याने पाहून शरीर हलायलाच साधारण पाव सेकंद जातो. त्यामुळे चांगला खेळाडू चेंडू निघण्याआधीच वाचायला लागतो: सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू कुठे गेला, खांदा किती उघडला, मनगट कसं वळलं, स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या सेटरची पाठ किती वाकली. बॅडमिंटन, टेनिस, व्हॉलीबॉल अशा खेळांवर गेली कित्येक दशकं झालेलं संशोधन हेच सांगतं की जाणत्या खेळाडूचे डोळे नवख्यापेक्षा वेगळ्या जागी पाहतात. आणि ही नजर पाहून पाहूनच तयार होते.

ती घडवायची एक जुनी रीत आहे. सर्व्हिस करणाऱ्याचं चित्रीकरण दाखवायचं, हात चेंडूला लागण्याच्या क्षणी पडदा काळा करायचा आणि विचारायचं, आता चेंडू कुठे? उत्तर दिलं की पुढचं चित्र उघडायचं. हे मोबाइलवरही होतं, मी करून घेतो. पण मोबाइलवर सर्व्हिस करणारी बोटाएवढी दिसते, आणि चित्रही बहुतेक वेळा बाजूच्या प्रेक्षकांतून काढलेलं असतं. हेडसेटमध्ये मुलगी स्वतःच्या जागेवर उभी असते. समोर नेट खऱ्या उंचीची, पलीकडे पूर्ण उंचीची खेळाडू, आणि मान वळवली तर शेजारची सहकारी. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूला, समोरची बचावफळी वाचायला शिकवण्यासाठी अशीच ३६० अंशांची, चहूबाजूंनी दिसणारी चित्रं वापरली, आणि त्या कामातून २०१५ मध्ये स्ट्रायव्हर नावाची कंपनी उभी राहिली. तिथे खेळाडूंना पायाभूत सुविधांची वानवा नव्हती. मग आपल्या खेड्यातल्या मुलीला त्याचा उपयोग किती होईल, याचा विचार व्हावा.

कोकणात तर आणखी एक कारण आहे. जून ते सप्टेंबर आमची मातीची मैदानं चिखलात असतात. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक पावसाळ्यातच सुरू होतं. तालुका फेरीच्या आधीचे ऐन सरावाचे दिवस आम्ही व्हरांड्यात दोरीउड्या मारण्यात घालवतो. त्या दिवसांत वर्गखोलीत बसून एका मुलीने पंधरा मिनिटांत तीस-चाळीस सर्व्हिस वाचल्या तर तेवढी तयारी पदरात पडेल, आणि तीही गुडघ्यांवर उडीचा एकही भार न टाकता. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं घेऊन खेळ सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यामुळे ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आता व्हीआरने काय होत नाही, तेही लिहितो, कारण विकायला येणारी मंडळी ते सांगणार नाहीत. हेडसेटमध्ये चेंडू हातावर बसत नाही. २६० ते २८० ग्रॅमचा चेंडू मनगटाच्या वर कुठे घ्यायचा, गुडघा किती वाकवायचा, हे कोर्टावरच येतं. फ्लोट सर्व्हिस हवेत जशी डुलते तशी संगणकाने हुबेहूब उभी करणं अवघड आहे. संगणकावर घडवलेल्या खेळाडूंचे खांदे-मनगट खऱ्या खेळाडूच्या हालचालींची नोंद घेऊन बनवलेले नसतील, तर मुली चुकीच्या खुणा शिकतील, आणि हे काहीच न शिकण्यापेक्षा वाईट. म्हणून माझा आग्रह खऱ्या खेळाडूंच्या चित्रीकरणाचा आहे. काहींना हेडसेटने गरगरतं. हेडसेट बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच मुलांसाठी वयाची अट घालतात, तेव्हा १४ वर्षांखालील गटाला यात ओढूच नये. १७ आणि १९ वर्षांखालील गटांनाही एका वेळी थोडाच वेळ द्यावा, आणि त्यानंतर लगेच, पाऊस नसेल तर त्याच दिवशी, कोर्टावर खरी सर्व्हिस उचलायला लावावी.

महोदय, माझी भीती दुसरीच आहे. हे सगळं बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात एका वातानुकूलित दालनात बसेल, उद्घाटनाची फीत कापली जाईल आणि जिथे आधीच सर्वोत्तम खेळाडू एकमेकांसमोर खेळतात तिथेच ते राहील. तिथल्या मुलांना प्रतिस्पर्ध्यांचा तुटवडा नाही. हेडसेट तालुका क्रीडा संकुलांना द्या. हल्लीचे हेडसेट संगणकाशिवाय चालतात आणि चित्रीकरण आत साठवलं की इंटरनेटही लागत नाही. एका हेडसेटला खर्च साधारण चांगल्या स्मार्टफोनएवढा येतो. एक हेडसेट पूर्ण संघाला आळीपाळीने पुरतो. मात्र त्यासोबत शिक्षकांचं प्रशिक्षण नसेल तर ते कपाटात कुलूपबंद होईल. शाळांमध्ये आलेल्या डिजिटल साहित्याचं हे होताना मी पाहिलं आहे आणि फार वाईट वाटलं आहे.

आणि हे नेट, चेंडू, दिवे यांच्या पैशातून काढून देऊ नका. ज्या शाळेत धड नेट नाही तिथे आधी नेटच द्यावी.

भारताने आशियाई खेळांत पुरुष व्हॉलीबॉलमध्ये १९६२ ला जकार्तात रौप्य आणि १९८६ ला सेऊलमध्ये कांस्य मिळवलं. त्यानंतर पदक नाही. २०२३ ला हांगझोऊमध्ये आपल्या संघाने दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं तेव्हा आमच्या शाळेत मुलांनी बाकं वाजवली होती. या मुलांतून उद्याचा खेळाडू निघायचा तर कडक सर्व्हिस त्याला पंधराव्या वर्षीच दिसायला हवी.

माझी मागणी छोटी आहे. यंदाच्या राज्यस्तरीय शालेय व्हॉलीबॉल स्पर्धेत सर्व्हिस उचलणाऱ्याच्या जागी, सराव सत्रात, ३६० अंशांचा कॅमेरा ठेवून चित्रीकरण करण्याची परवानगी क्रीडा व युवक सेवा संचालनालयाने द्यावी. खेळाडूंच्या पालकांची लेखी संमती घ्यावी. ते चित्रीकरण काही मोजक्या तालुक्यांना द्यावं, आणि काही सारख्याच तालुक्यांना मुद्दाम देऊ नये. एका हंगामानंतर दोन्हीकडच्या मुलींना सारख्याच वेगाच्या सर्व्हिस देऊन पास किती नीट गेले, ते मोजावं. फरक दिसला तर पुढच्या वर्षी वाढवावं, नाही दिसला तर थांबावं. कोकणातून मोजणीचं काम करायला आम्ही काही शिक्षक विनामोबदला तयार आहोत. संचालनालयाने बोलावल्यास आराखडा घेऊन पुण्याला येऊ.

आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक