फ्यूम हूड आवाज करतो, वायू ओढत नाही

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग

विषय : रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील दोन फ्यूम हूड व आयवॉश यांच्या सदोष जोडणीबाबत

महोदय,

दादरच्या आमच्या महाविद्यालयात मे महिन्याच्या सुट्टीत आपण दोन फ्यूम हूड (प्रयोगातला विषारी वायू ब्लोअरच्या पंख्याने बाहेर ओढणारी, पुढे सरकती काच असलेली कपाटं) आणि एक आयवॉश (डोळे धुवायचा फवारा) बसवून दिलात. कॉलेज सुरू झाल्यापासून मी तीन ईमेल पाठवले, सहा-सात फोन केले. दर वेळी एकच उत्तर : "मॅडम, ब्लोअर चालू आहे ना?" चालू आहे. इतका की खालच्या मजल्यावर तास घेणाऱ्या मराठीच्या सरांनी माझ्याकडे तक्रार केली. ओढ मात्र नाही.

गेल्या आठवड्यात एफवायच्या बॅचला मी तांब्याच्या कपट्यांवर कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक अॅसिड टाकून दाखवत होते. टेस्ट ट्यूब हूडच्या आत, काच अर्धी खाली, ब्लोअर सुरू. तपकिरी वायू वर जायचा सोडून काचेखालून आमच्याच अंगावर आला. मुलांना मागे घेतलं, खिडक्या उघडल्या, प्रॅक्टिकल तिथंच थांबवलं. नायट्रोजन डायऑक्साइडला रंग असतो म्हणून निदान दिसला तरी. सॉल्ट अॅनालिसिसमध्ये निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला रंग नसतो, आणि त्याचं प्रमाण फार वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं.

मग फिजिक्सवाल्यांकडून हवेचा वेग मोजणारा अॅनेमोमीटर मागून आणला. काच दीड फूट उघडी असताना हवा सेकंदाला ०.५ मीटर वेगाने आत जाईल, असं आपल्या कोटेशनमध्ये लिहिलं आहे. हूडच्या तोंडाशी नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढली : एकाला ०.२१, दुसऱ्याला ०.१७. उपकरणावर विश्वास नसेल तर टिश्यू पेपरची पट्टी काचेच्या कडेला चिकटवून बघा. ती आत झुकायला हवी. आमची सरळ लोंबकळते, आणि बाहेर वारा सुटला की आमच्याच दिशेला फडफडते.

कारण शोधायला फार हुशारी लागली नाही. मंजूर आराखड्यात १० इंची पॉलिप्रोपिलीनचा (अॅसिडने न खराब होणाऱ्या प्लास्टिकचा) डक्ट, म्हणजे हवेचा नळ, सरळ गच्चीवर जातो. आपल्या माणसांनी स्लॅबला भोक पाडायचं टाळलं आणि ६ इंची लवचीक नळी तीन वळणं देऊन खिडकीतून बाहेर काढली. ६ इंची नळीचं तोंड १० इंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं, त्यात वळणं, त्यात आतल्या वळ्या. शिवाय ती खिडकी पश्चिमेची. पावसाळ्यात मुंबईत वारा कुठून येतो, हे बसवणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. आपल्या प्रतिनिधीने उपाय सुचवला तो जादा पैसे भरून मोठा ब्लोअर घेण्याचा. चोंदलेल्या नळीला मोठा ब्लोअर लावला तर मराठीच्या सरांचा तास पूर्णच बंद पडेल, दुसरं काय होणार?

आता पैशांबद्दल. आमची प्रयोगशाळा साठ वर्षांहून जुनी आहे. संस्थेने थोडे दिले, माजी विद्यार्थ्यांनी थोडे पाठवले, आणि उरलेले आम्ही इकडून तिकडून वाचवले. टेबलं नवी घेतली नाहीत. सागवानी आहेत, वर अॅसिडचे डाग आहेत, पण डागांनी कुणाच्या फुप्फुसाला इजा होत नाही. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून सामान आणून प्रत्येक रांगेला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घेतला. प्रयोगात जिथे ५ मिली अॅसिड लागायचं तिथे १ मिलीवर आलो, म्हणजे खर्चही कमी आणि धूरही. एवढं करून सर्वांत मोठी रक्कम आपल्या दोन हूडसाठी राखली. आलेल्या तीन कोटेशनांत आपलं सर्वांत स्वस्त नव्हतं. खरेदी समितीत मीच हट्ट धरला की हवेचा वेग लेखी देणारे हे एकटेच आहेत, यांनाच काम द्या. त्या समितीसमोर आता कोणतं तोंड घेऊन जाऊ?

आयवॉशची गोष्ट छोटी आहे, पण तेवढीच वाईट. डोळ्यात अॅसिड गेलं तर निदान १५ मिनिटं सलग पाणी मारावं लागतं. आपण तो गच्चीवरच्या टाकीला जोडायचा सोडून थेट महापालिकेच्या लाइनवर जोडलात. पाण्याची वेळ संपली की तो कोरडा. दुपारच्या बॅचला त्याचा उपयोग हात टेकायला होतो.

तेव्हा ठरलेला १० इंची डक्ट सरळ गच्चीच्या कठड्याच्या वरपर्यंत न्यावा, स्लॅबचं भोक वॉटरप्रूफिंगसह आपल्या खर्चाने करावं, आयवॉश टाकीवर घ्यावा, आणि हवेचा वेग आमच्यासमोर मोजून सहीनिशी द्यावा. गणपतीच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असते. काम तेव्हाच होऊ शकतं. राखून ठेवलेले १० टक्के बिल त्या सहीनंतरच मिळेल. सुट्टीत काम झालं नाही तर संस्थेचे वकील ग्राहक आयोगाकडे जायच्या तयारीत आहेत. तोवर दोन्ही हूडवर मी 'वापरू नये' अशी पाटी लावली आहे.

येणाऱ्या माणसांची नावं दोन दिवस आधी कळवावीत, गेटवर पास लागतो. आणि नळी या वेळी मोजून आणावी.

आपली,
प्रयोगशाळा प्रमुख,
रसायनशास्त्र विभाग

सोबत : मंजूर आराखडा, कोटेशनची प्रत, हवेच्या वेगाच्या नोंदी, खिडकीतल्या नळीचे चार फोटो